रोखीचा सारा आणि धान्याचा भाव : दख्खनच्या महसुलाचे एक शतक

शेतकऱ्याने सरकारला वार्षिक सारा धान्यात द्यायचा की रुपयांत, आणि रुपयांत द्यायचा तर तो आकडा किती वर्षे कायम धरायचा, हे प्रश्न वरवर पाहता महसूल खात्याच्या दप्तरी व्यवहाराचे वाटतात. परंतु बाजारभावातील चढउताराची झळ कोणी सोसायची हे एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरत होते. पिकाचा ठरावीक हिस्सा घेणारे सरकार भाव चढले काय आणि पडले काय, रयतेच्या नफ्यातोट्याचे भागीदार असते. रोख रक्कम ठरवून घेणाऱ्या सरकारचे तसे नसते. महागाईत तेवढ्याच रुपयांत कमी माल येतो, म्हणून तिजोरीची ओढाताण होते. स्वस्ताईत तेवढेच रुपये उभे करण्यासाठी रयतेला अधिक धान्य विकावे लागते, म्हणून घरातली कणगी लवकर रिती होते. मुंबई इलाख्याच्या ब्रिटिश सरकारने भाव चढल्यावर आकडा वाढवण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता आणि तो वेळेवर बजावला. भाव पडल्यावर तो कमी करण्याचे काम मात्र अर्जविनंत्या आणि पडीक जमिनी यांच्या मागून, फार उशिरा झाले. या एकतर्फी व्यवस्थेचे परिणाम पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांना एका पिढीच्या आत भोगावे लागले.

पेशवाईतही साऱ्याचा मोठा भाग रोखीत वसूल होत असे आणि थोरल्या माधवरावांच्या काळात जमिनीची पाहणी करून ‘कमाल’ आकार, म्हणजे गावाकडून जास्तीत जास्त किती येणे धरता येईल ती रक्कम, ठरवण्याचा प्रयत्न झाला होता. तथापि हा आकार आणि प्रत्यक्ष वसुली यांच्यामध्ये दरसाल मामलेदार व पाटील यांची घासाघीस असे आणि पीकपाणी व भाव पाहून रक्कम कमीजास्त होई. दुसऱ्या बाजीरावाने महसुलाचे मक्ते चढ्या बोलीने देण्यास सुरुवात केल्यावर या घासाघिशीतील रयतेचा आधार तुटला. त्यामुळे १८१८ साली आलेल्या कंपनी सरकारकडे निश्चित आणि लेखी साऱ्याची अपेक्षा करणारे लोक होते व ती अपेक्षा गैर नव्हती. पण त्याच सुमारास बाजाराचे रूपच पालटले. पेशव्यांची फौज, सरदारांची पथके आणि पुण्याचा दरबार यांच्यावर होणारा खर्च थांबला, धान्याला आणि वैरणीला असलेले मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि १८२० नंतरच्या दशकात भाव घसरत गेले.

या पडत्या भावांच्या काळातच रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. प्रिंगलचे शिक्षण कंपनीच्या हेलिबरी येथील विद्यालयात झाले होते आणि अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या योजनेचा पाया होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून मशागतीचा सर्व खर्च वजा जाता जे ‘निव्वळ उत्पन्न’ उरते त्याचा ५५ टक्के भाग सरकारने घ्यावा, असे त्याने ठरवले. तत्त्व म्हणून यात शिस्त होती. परंतु निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी प्रत्येक जातीच्या जमिनीचे पीक, बैलांचा व मजुरीचा खर्च आणि धान्याचा भाव हे सर्व अचूक ठाऊक असावे लागते. हाताखालच्या नोकरांनी दिलेले आकडे चुकीचे, पुष्कळदा पैसे घेऊन बदललेले होते आणि ज्या भावांवर हिशोब बांधला ते भाव टिकले नाहीत. सारा वसूल होईना, दरसाल मोठ्या सुटी द्याव्या लागल्या आणि इंदापूरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात लोक जमिनी सोडून गेले. सिद्धांतनिष्ठ करआकारणी बाजारापुढे किती दुबळी ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण भारतीय महसुलाच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

प्रिंगलचे अपयश निस्तरण्यासाठी १८३५ पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची नव्याने पाहणी केली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात त्यांच्या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि तीच सर्व मुंबई इलाख्याची ‘सर्व्हे पद्धत’ ठरली. तिची कार्यरीत जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक शेताला नंबर देऊन त्याच्या नकाशावर सारख्या आकाराचे चौकोन पाडले जात आणि वर्गकार प्रत्येक चौकोनात जमीन खणून मातीची खोली हातात मोजत असे. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची धरली जाई, तेथून उतरत उतरत नववा वर्ग दोन आण्यांचा असे. मातीत चुनखडी किंवा वाळू मिसळलेली असली, जमीन उताराची असली, तर त्या त्या दोषाची खूण चौकोनात लिहून वर्ग खाली आणला जाई. जमिनीच्या सापेक्ष प्रतीचे हे मोजमाप खरोखर काळजीपूर्वक केलेले होते आणि त्यावर पुढे फारसा वादही झाला नाही. वाद झाला तो तालुक्याच्या ‘कमाल दरा’वर, म्हणजे सोळा आण्यांच्या एकरास किती रुपये घ्यायचे या आकड्यावर, कारण तो मातीत खणून सापडणारा नव्हता. मागील वसुली, हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि धान्याचे भाव पाहून पाहणी अधिकारी तो आपल्या अंदाजाने ठरवत असे.

हा दर ३० वर्षांसाठी कायम असे. या मुदतीत रयतेने स्वखर्चाने विहीर खणली किंवा ताली घातल्या तर त्याबद्दल सारा वाढणार नाही, असे आश्वासन होते. १८३६ साली ठरलेले दर हलके होते, आणि त्यामुळे पडीक जमीन लागवडीखाली येऊन सरकारची एकूण वसुलीही वाढली. कमी दराने अधिक महसूल मिळाल्याची ही गोष्ट सरकारी कागदपत्रांत अभिमानाने नोंदलेली आहे आणि तो अभिमान सार्थ होता. मात्र ३० वर्षांच्या रोख कराराने भावांचा धोका पूर्णपणे रयतेच्या अंगावर टाकला, ही बाब पहिल्या कराराच्या काळात कोणाला जाणवली नाही, कारण त्या काळाच्या उत्तरार्धात भाव चढत गेले आणि धोका अनुकूल बाजूला पडला.

१८५० नंतर रेल्वेची कामे सुरू झाली, घाटांतील बोगद्यांवर आणि भरावांवर हजारो लोकांना रोख मजुरी मिळू लागली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाल्यावर मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. इंदापूर किंवा भीमथडी हे कापसाचे तालुके नव्हते. परंतु खानदेश, वऱ्हाड आणि दक्षिणेकडील जिल्ह्यांत ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, मुंबईत आलेला पैसा देशावर पसरला आणि ज्वारी-बाजरीचे भावही कडाडले. ज्या कुटुंबाजवळ विकण्याइतके धान्य होते त्याला साऱ्याचा भार पूर्वीच्या मानाने हलका झाला. बैलजोड्या घेतल्या गेल्या, लग्ने थाटाने झाली, आणि या कमाईच्या भरवशावर सावकारही सढळ हाताने उधार देऊ लागले. ज्यांना मजुरीवर धान्य विकत घ्यावे लागे त्यांचे हाल या वैभवाच्या वर्णनांत सहसा येत नाहीत, तरी महागाईचा लाभ गावातील सर्व घरांना सारखा झाला असे समजणे चूक ठरेल.

सरकारची बाजू या काळात उलट होती. १८५७ चा उठाव मोडून काढण्याच्या खर्चाने कर्ज वाढले होते. ही तूट भरण्यासाठी इंग्लंडहून आलेल्या जेम्स विल्सनने १८६० च्या अंदाजपत्रकात प्राप्तीकर आणला. वार्षिक २०० ते ५०० रुपये प्राप्तीवर २ टक्के व त्याहून अधिक प्राप्तीवर ४ टक्के असा तो होता. व्यापारी व युरोपीय वर्गाच्या तीव्र विरोधामुळे १८६५ मध्ये तो बंद झाला. शहरी आणि व्यापारी उत्पन्नावरचा कर टिकेना, भाव चढल्याने सैन्य व बांधकाम यांचा खर्च वाढलेला, आणि इलाख्याचा मुख्य आधार असलेला जमीन महसूल १८३६ च्या आकड्यांत अडकलेला, अशा स्थितीत १८६६ साली इंदापूरच्या कराराची मुदत संपली. फेरआकारणीचा हा मुहूर्त सरकारच्या दृष्टीने सोयीचा आणि रयतेच्या दृष्टीने अत्यंत दुर्दैवी होता, कारण नव्या दरांसाठी जे भाव समोर होते ते कापसाच्या तेजीने फुगलेले होते. पुण्याच्या तालुक्यांत आकारणी निम्म्याहून अधिक वाढली आणि काही गावांत व काही शेतांवर वाढ त्याहूनही कितीतरी जास्त झाली.

या वाढीचा अर्थ समजण्यासाठी केवळ उदाहरणादाखल एक हिशोब मांडता येईल. त्या काळी भाव रुपयाला किती शेर असा सांगितला जाई, म्हणून शेरांचा आकडा उतरणे म्हणजे महागाई आणि चढणे म्हणजे स्वस्ताई. जुन्या करारात एका खात्याचा सारा १० रुपये होता आणि ज्वारी रुपयाला ४० शेर होती असे धरले, तर सारा भागवण्यास ४०० शेर, म्हणजे १० मण धान्य विकावे लागे. तेजीत भाव १६ शेरांवर आला, तेव्हा १६० शेरांत काम भागू लागले. आता सारा १५ रुपये केला, तरी त्या भावाने २४० शेरच लागतात. तेव्हा वाढ करूनही रयतेच्या डोक्यावर तिच्या आजोबांपेक्षा कमी ओझे आहे, असे पाहणी अधिकारी प्रामाणिकपणे म्हणू शकत होता. पण भाव पडून ३२ शेरांवर गेला की तेच १५ रुपये ४८० शेर मागू लागतात, आणि आजोबांपेक्षाही २ मण धान्य अधिक जाते. नव्या दरांच्या समर्थनार्थ जी कारणे दिली गेली ती त्या वर्षापुरती खरी होती. एका वर्षाच्या सत्यावर ३० वर्षांचा करार बांधला गेला, यात खरा अन्याय होता.

युद्ध १८६५ मध्ये संपले, मुंबईचा सट्टा त्याच वर्षी जुलैत कोसळला आणि पुढील काही वर्षांत धान्याचे भाव उतरले. साऱ्याचे हप्ते मात्र ठरल्या तारखांना भरायचे होते. हप्त्याची तारीख आणि सुगी जवळजवळ आल्याने गावातील सर्वजण एकाच वेळी धान्य बाजारात आणत आणि वर्षातील सर्वांत पडता भाव घेत; पीक हाती येण्यापूर्वी हप्ता आला तर सावकाराकडे खत, म्हणजे कर्जरोखा, लिहून द्यावे लागे, आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी तेच धान्य चढ्या भावाने परत उचलावे लागे. साऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ निराळा होता. तो शाळा व रस्त्यांसाठी घेतला जाई आणि सारा वाढला की आपोआप वाढत असे.

कर्जाचा कायदाही याच काळात बदलला होता. व्याजावरची कायदेशीर मर्यादा १८५५ मध्ये उठवली गेली. खतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घालणारा १८५९ चा कायदा ऋणकोच्या हितासाठी केलेला होता, पण त्याचा परिणाम असा झाला की सावकार दर तीन वर्षांच्या आत व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला आणि दामदुप्पटीचा, म्हणजे एकूण वसुली मुद्दलाच्या दुपटीपेक्षा अधिक नसावी हा जुना नियम निरुपयोगी ठरला. सावकाराकडे धान्य, बैल आणि अखेर जमीन जाऊ लागली; ही जमीन विकण्यायोग्य झाली होती तीही नव्या सर्व्हेने दिलेल्या निर्वेध हक्कामुळेच.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने मारवाडी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उघड दंगा झाला आणि तेथून तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचे लक्ष घरांतील ऐवजापेक्षा खतांवर होते. ती हिसकावून जाळली की दंगा बहुधा थांबत असे आणि माणसांवर हात टाकण्याचे प्रकार थोडे झाले. रोष सावकारावर निघाला, सरकारी कचेरीवर निघाला नाही, यावरून सारा हे कारण नव्हतेच असा निष्कर्ष काही अधिकाऱ्यांनी काढला. तो निष्कर्ष उथळ होता. सारा सरकारला वेळेवर पोहोचत होता तो सावकाराच्या पैशांतून. रयतेला रोज भेटणारा धनको सावकार होता, सरकार त्याच्यामागे होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगातही या मुद्द्यावर मतभेद झाले आणि ऑकलंड कॉल्व्हिन या सदस्याने वाढीव आकारणीवर कठोर टीका केली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तर दंग्यांच्या आधीच, १८७३ मध्ये, चौकशी करून फेरआकारणीचा बोजा असह्य होत असल्याचे मांडले होते.

सरकारने केलेले उपाय तीन प्रकारचे होते आणि त्यांची दिशा एकमेकांशी जुळत नव्हती. १८७४ मध्ये फेरआकारणीच्या वाढीला मर्यादा घातली गेली: तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के यांहून अधिक वाढ करायची नाही. १८७६ च्या कायद्याने साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केला. आणि १८७९ च्या दख्खन कृषक कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा, अवाजवी व्याज कापण्याचा अधिकार दिला. सावकाराचा हिशोब न्यायाधीशाने उलगडून पाहावा, सरकारचा हिशोब मात्र पाहू नये, असा या तिन्हींचा एकत्रित अर्थ होतो. या दरम्यान १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येऊन गेला, आणि त्यापुढील दुष्काळांसाठी निधी उभारण्याच्या कारणाने १८७८ मध्ये व्यापारधंद्यावर लायसन्स कर बसला.

दुष्काळानंतरच्या काळात भावांचा आणि करांचा संबंध एका नव्या मार्गाने घट्ट झाला. इंग्लंडमध्ये द्यावयाचे निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज आणि इतर खर्च, ज्यांना ‘होम चार्जेस’ म्हणत, ते पौंडांत फेडावे लागत, तर सरकारचे उत्पन्न चांदीच्या रुपयांत येई. १८७० च्या सुमारास रुपयाची किंमत जवळजवळ २ शिलिंग होती. जगात चांदी स्वस्त होत गेली आणि १८९२-९३ पर्यंत ती सुमारे १५ पेन्सवर आली. एक पौंड पाठवण्यास पूर्वी १० रुपये लागत, तेथे आता १६ लागू लागले. ही तूट भरण्यासाठी १८८६ मध्ये ५०० रुपयांपासून पुढच्या प्राप्तीवर कायमचा प्राप्तीकर आला आणि १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. मिठाचा खप श्रीमंताच्या घरी जास्त आणि गरिबाच्या घरी कमी असा फारसा नसतो, गुरांनाही ते लागते. म्हणून विनिमयाच्या तोट्याचा हा वाटा सर्वांत गरीब घरांनी आपल्या मिळकतीच्या मानाने सर्वांत जास्त उचलला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाची टंचाई करून १८९८ पर्यंत त्याचा दर १६ पेन्सवर नेला. नाणे महाग झाले, पण अडचणीच्या वेळी मोडण्यासाठी जपलेले चांदीचे तोडे, वाळे आणि गोठ हे धातूच्या उतरत्या भावाने विकावे लागू लागले. त्याआधी चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेता येत, तो मार्गही बंद झाला. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तेव्हा या फरकाची किंमत घराघरांतून चुकती झाली.

ही सारी गुंतागुंत सुस्पष्ट आकड्यांत मांडण्याचे काम गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणात केले. सरकार त्या वर्षांत एकामागून एक शिलकी अंदाजपत्रके मांडत होते आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून सांगत होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, रुपया घसरत असताना तोटा भरून काढण्यासाठी कर वाढवले गेले. आता रुपया वर आणल्यामुळे पौंडांची देणी कमी रुपयांत भागत आहेत, तरी कर मात्र त्याच पातळीवर ठेवले आहेत, म्हणून तिजोरीत शिल्लक दिसते. रुपया १३ पेन्स असताना पौंडामागे १८ रुपयांहून अधिक लागत, १६ पेन्सला १५ पुरतात. मधला फरक प्रजेच्या खिशातून येत होता आणि तीही दुष्काळाने खचलेली प्रजा होती. जमीन महसुलाच्या बाबतीत इंदापूरला जे घडले तेच येथे सबंध देशाच्या करांबाबत घडत असल्याचे या युक्तिवादातून उघड झाले: अडचणीच्या भावाने ठरवलेला कर भाव पालटल्यावरही तसाच राहतो. १९०३ मध्ये मिठाचा कर अडीच रुपयांवरून २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये १ रुपया झाला, आणि प्राप्तीकराची किमान मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. पूर्वी लोक चवीपुरतेही मीठ जपून वापरत होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

पहिल्या महायुद्धाने पुन्हा महागाई आणली, तेव्हा झळ शहराला आधी लागली. मुंबईच्या गिरण्यांत महागाईचा भत्ता सुरू झाला आणि १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांची चौकशी केली आणि जुलै १९१४ चे भाव १०० धरणारा राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. भावांचा आणि घरखर्चाचा संबंध सरकारने नियमितपणे मोजण्याची ही सुरुवात होती. शेतकऱ्याच्या साऱ्यासाठी असे मोजमाप कोणी केले नाही. याच काळात, १९२३ मध्ये, डॉ. भीमराव आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रुपयाचा परदेशी विनिमयदर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातील त्याची खरेदीशक्ती स्थिर राखणे अधिक महत्त्वाचे आहे. भाव वाढवून होणारा फायदा एका वर्गाचा असतो आणि तो मजुरी मागे राहिलेल्या वर्गाच्या तोट्यातून निघतो, हा त्यांचा आग्रहाचा मुद्दा होता. केवळ जमीनधारकाच्या नजरेने भावांकडे पाहणाऱ्या लेखनातील मोठी उणीव त्याने भरून काढली.

सरकारने १९२७ मध्ये रुपया १८ पेन्सला बांधला. त्याच सुमारास चढत्या भावांच्या आधारे केलेल्या गुजरातेतील बारडोलीच्या फेरआकारणीविरुद्ध १९२८ मध्ये सत्याग्रह झाला आणि २२ टक्क्यांची वाढ चौकशीनंतर ६ टक्क्यांच्या आसपास खाली आणावी लागली. दुसऱ्याच वर्षी जागतिक मंदी सुरू होऊन शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. जुन्या दरांनी सारा भरण्यास दुप्पट माल लागू लागला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडल्यावर सोन्याचा रुपयांतील भाव चढला आणि खेड्यापाड्यांतील डाग सराफांकडून मुंबईच्या सोनेबाजारात व तेथून जहाजांनी परदेशी जाऊ लागले. त्या निर्यातीमुळे लंडनची देणी भागवणे सरकारला सोपे गेले.